तुझ्या दादांना मी खुर्चीवरून ढकललं नाही

बोरगाव मेघे, वर्धा
१४ नोव्हेंबर

प्रिय सुलोचना,

नमस्कार. तो आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि मग तुला, कारण गुडघे नवे आहेत आणि त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. ऑपरेशनला चार महिने झाले. आता जिना चढतेस का? सांगितलेले व्यायाम रोज करतेस, की शिकवणारी मुलगी यायच्या आधी पाच मिनिटं हातपाय हलवून घाम पुसत बसतेस? (मी तुला होस्टेलपासून ओळखते, म्हणून विचारते.) तुझ्या यजमानांची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. अकोल्यात थंडी पडली की नाही ते कळव. इथे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. माझी तब्येत चांगली आहे. माझी तब्येत नेहमीच चांगली असते, त्यामुळे ती कोणी विचारत नाही.

पत्र लिहिते आहे कारण तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि पुढे शांतता. पत्र मात्र तू वाचशीलच. होस्टेलवर तू दुसऱ्यांचीसुद्धा वाचायचीस. तू रागावली आहेस आणि का रागावलीस तेही मला कळलं आहे. कोकिळेने माझ्या दादांना चौदा वर्षांच्या खुर्चीवरून खाली ढकललं, असं तुला कोणीतरी सांगितलं. हे खरं नाही. ते स्वतः उठले, मी फक्त त्यांना पुन्हा बसू दिलं नाही. आता माझी बाजू ऐक. मी काही मागायला लिहीत नाही, मला खुर्चीचा मोहही नाही, फक्त झालं तसं सांगते.

मुलाने इथे घर बांधलं म्हणून मी मागच्या वर्षी यवतमाळहून आले, हे तुला ठाऊक आहे. 'घरात सुनेच्या कणकेचं वजन करत बसू नकोस, दादांच्या ज्येष्ठ नागरिक संघात जा,' हे तूच मला सांगितलंस. (मुळात दोष कोणाचा ते यावरून ठरव.) मी जूनमध्ये वर्गणी भरली. संघ आमच्या लेआउटच्या समाजभवनात रोज संध्याकाळी भरतो. टिनाचं छत, दोन पंखे, चाळीस खुर्च्या, आणि पुढच्या टेबलामागे एक हात असलेली खुर्ची. (एक हात म्हणजे दुसरा तुटला होता.) त्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून तुझे दादा, प्रभाकरराव. ऑगस्टच्या शेवटी वार्षिक सभा झाली. माझी ती पहिलीच. अहवाल झाला, आलूबोंडे यायचे होते, आणि प्रभाकरराव उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की आता वय झालं, चौदा वर्षं सेवा केली, आता मला मोकळं करा, नवा माणूस पाहा. आवाज भरून आला होता. मला मनापासून वाईट वाटलं. एक शहात्तर-सत्याहत्तर वर्षांचा माणूस भर सभेत सुटका मागतो आहे आणि चाळीस माणसं नुसती बघत बसली आहेत. म्हणून मी उठले आणि म्हटलं, प्रभाकररावांची विनंती रास्त आहे, त्यांना मोकळं करावं असा मी ठराव मांडते. मागून रूपरावांचं 'अनुमोदन' आलं.

सुलोचना, ते दरवर्षी असं म्हणतात हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. दरवर्षी ते सुटका मागतात, सभा 'नाही, नाही' म्हणते, ते पुन्हा मागतात, सभा पुन्हा 'नाही' म्हणते, तिसऱ्यांदा ते मान खाली घालून 'तुमच्या इच्छेपुढे मी कोण' म्हणतात आणि आलूबोंडे येतात. सचिव अण्णाजी तर सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशी घरूनच लिहून आणतात. 'सर्वांच्या आग्रहास्तव प्रभाकररावांनी अध्यक्षपद पुन्हा स्वीकारले' हे वाक्य वहीत तयार होतं. त्या दिवशी त्यांना ते पट्टी लावून खोडावं लागलं, आणि खोडताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरचं कपाट उघडलं. रूपरावांना मी नंतर विचारलं की तुम्ही अनुमोदन का दिलंत. ते म्हणाले, "मी त दरवर्सीच देतो बाई. कशाले देऊन राह्यलो, ते मी कधी पाह्यलं नाई." (ते कारंजा घाडग्याचे, संत्र्याची बाग मुलाकडे सोपवून इथे आले आहेत. माणूस चांगला, पण ठराव क्रमांक दोननंतर झोपतो.)

बरं, इथपर्यंतसुद्धा सावरता आलं असतं. पण मग नवा अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. अण्णाजींना विचारलं. ते म्हणाले, मी कुठला. मी त्यांचं नाव सोडलं. लीलाबाईंना विचारलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, "माह्यानं कुठं होते बाई आता." मी म्हटलं, ठीक आहे, आणि पुढे गेले. एकूण पाच जणांना विचारलं, पाचही जण नको म्हणाले, आणि मी पाचांचाही शब्द मानला. आयुष्यभर मी हेच केलं आहे. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढली. तराजूचा काटा मधे आला की मधे आला. तो 'मी कशाला, मी कशाला' म्हणत थांबून राहत नाही. शेवटी कोणीतरी, बहुधा सगळ्यांचा चहा निवतो आहे म्हणून, मला विचारलं की बाई, मग तुम्ही होता का. मी हो म्हटलं. एकदाच विचारलं, एकदाच हो म्हटलं. सगळं बरोबर सहा मिनिटांत झालं. लीलाबाई गेली नऊ वर्षं त्या पदाची वाट पाहत होत्या हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मनात होतं तर तोंडात का नव्हतं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

लोकांचं म्हणशील तर एकमत कुठेच नव्हतं. बायका खूश झाल्या, कारण मी दुसऱ्याच दिवशी समाजभवनाच्या संडासाला आतून कडी बसवून घेतली. चौदा वर्षं तिथे दार धरायला एक बाई उभी राहायची. पत्तेवाले नाखूश, कारण त्यांच्या टेबलावर पंखा होता तो मी वाचनाच्या टेबलावर फिरवला. चौकातल्या किराणावाल्याने बातमी ऐकली आणि त्या दिवसापासून तो मला तूरडाळ थोडी जास्तच घालतो. (मी जादा डाळ काढून परत देते. त्याने तो आणखी घाबरतो.) आणि अर्धे लोक असे की ज्यांना अध्यक्ष बदलला हे दिवाळीपर्यंत कळलंच नव्हतं. त्यातल्या एकाने मला विचारलं की प्रभाकररावांनी तुम्हाला तात्पुरतं बसवलं का.

आता फ्लेक्सचं ऐक. तुझ्या दादांचा पुतण्या, म्हणजे तुझाही भाचाच, निकेश, त्याचं नालवाडीला फ्लेक्स छापायचं दुकान. काकांना काढलं तरी धंदा तो धंदा, म्हणून त्याने हौसेने माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स छापून चौकात लावला. माझा फोटो त्याच्याकडे नव्हता. माझ्या मुलाने माझ्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा दिला, तो काळा-पांढरा. निकेशने त्याच्याभोवती झेंडूच्या माळेची चौकट टाकली. खाली 'कोकिळाबाई' आणि दोन हात जोडलेले. 'हार्दिक अभिनंदन' हे शब्द होते, पण ते खाली होते आणि खाली पानठेल्याची ताडपत्री आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून जाणारी माणसं फ्लेक्ससमोर चपला काढताना मी स्वतः पाहिली. अकराला मागच्या गल्लीतल्या दोन बायका पांढरी पातळं नेसून, चेहरे पाडून दारात आल्या. दार मीच उघडलं. त्या आत आल्या, बसल्या, चहा घेतला, हवापाण्याचं बोलल्या, आणि कशाला आल्या होत्या हे काही सांगता न येऊन गेल्या. जाताना एकीने मला दंडाला हात लावून पाहिलं.

असो. खुर्चीचा दुसरा हात बसवून घेतला आणि कामाला लागले. सभा पाच म्हणजे पाचला. मनोगताला तीन मिनिटं, आणि तीन झाली की मी स्वयंपाकघरातलं वाजणारं घड्याळ पुढे करते. तुझे दादा वाढदिवसाला प्रत्येक सभासदावर दहा-दहा मिनिटं बोलायचे. तो कोणत्या गावचा, त्याच्या वडिलांची बैलजोडी कशी होती, कोणत्या वर्षी त्याने पोळ्याला बक्षीस घेतलं. मी सप्टेंबरचे सात वाढदिवस एकत्र केले आणि म्हटलं, या महिन्यात सात जणांचे वाढदिवस आहेत, सर्वांचं अभिनंदन. टाळ्या. दोन तासांची सभा बावीस मिनिटांत संपली. मला वाटलं लोक खूश होतील. लोक बाहेर फाटकापाशी जाऊन उभे राहिले. साडेपाच वाजता त्यांना कुठे जावं कळेना. रूपराव घरी गेले तर सुनेने विचारलं, "बाबा, इतक्या लवकर काऊन आले, भांडन झालं का?" दुसऱ्या दिवसापासून ते सातपर्यंत फाटकापाशीच थांबू लागले, आणि त्यांच्यासोबत आणखी पंधरा जण. म्हणजे संघ आत बावीस मिनिटं भरायचा आणि बाहेर दीड तास. बाहेर खुर्च्या नाहीत, डास आहेत. तरी आत बसा म्हटलं तर म्हणायचे, आत सभा संपली ना बाई.

हेही मी सहन केलं. पण ऑक्टोबरात गुलाबराव गेले. तुला आठवत असतील, स्टेशनजवळ ज्यांची सायकलदुरुस्ती होती ते. शहाऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले, कोणालाही हेवा वाटावा असे. शोकसभा अध्यक्षाने घ्यायची असते. मी नीट तयारी केली होती. जन्मतारीख, व्यवसाय, संघात किती वर्षं, किती उपस्थिती (चांगली होती). सगळं खरं, एकही शब्द फुगवलेला नाही. दीड मिनिटात झालं. नंतर दोन मिनिटं मौन, तेही घड्याळ लावून. बसले तेव्हा लक्षात आलं की मौन भाषणाहून लांब झालं. गुलाबरावांची मुलगी अंजू पुलगावहून मुद्दाम आली होती, पहिल्या रांगेत. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, झालं. मग म्हणाली, "प्रभाकरकाका नाई आले? बाबा म्हनत होते, मी गेलो की प्रभाकर बोलन, मंग तुमाले समजन तुमचा बाप कोन होता."

सुलोचना, मी हातातला कागद पुन्हा पाहिला. मी त्या माणसाच्या सत्तावीस हजेऱ्या मोजल्या होत्या आणि त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो पंक्चर काढायचा. तुझे दादा असते तर त्या मुलीला पाऊण तास ऐकायला मिळालं असतं, त्यातलं निम्मं खरं नसतं, आणि ती ते पुलगावला घेऊन गेली असती. त्या दिवशी मी पहिल्यांदा चौकशी केली की प्रभाकरराव येत का नाहीत. सभा झाल्यापासून ते घराबाहेरच पडले नव्हते. सकाळचं फिरणं बंद, संघ बंद, निकेशच्या दुकानात बसणं बंद. दोन महिने. आणि हे माझ्यापाशी कोणी बोललं नव्हतं, कारण मी कोणाला तीन मिनिटांच्या वर बोलू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तुझ्या माहेरी गेले. दादा अंगणात पेरूखाली बसले होते. वाळलेले दिसले. मला पाहून उठले, या बाई म्हणाले, खुर्ची स्वतः आणली. शकुंतलावहिनींनी मात्र मला आधी स्वयंपाकघरात ओढलं. त्या काय म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. "बाई, तुमी अध्यक्ष राहा नाईतर पंतप्रधान व्हा, पन याईले घरातून काढा. सकाळी भाजी चिरतो त समोर येऊन बसते. जेवाले वाढलं त म्हनते, आजच्या पंगतीचे प्रमुख पाहुने कोन. काल मोलकरनीले आभारप्रदर्शन केलं. ते बिचारी काम सोडून चालली होती." मी त्यांना शब्द दिला आणि बाहेर येऊन सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, प्रभाकरराव, माझी चूक झाली. तुम्ही परत या आणि अध्यक्षपद घ्या. (माझी चूक झाली हे वाक्य मी याआधी कधी म्हटलं ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.) त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "नको बाई. आता माह्यं वय झालं. तुमी चांगलं करून राह्यल्या." मी म्हटलं, ठीक आहे. चहा संपवला, नमस्कार केला आणि घरी आले. एकूण अठरा मिनिटं.

घरी पोचते न पोचते तोच वहिनींचा फोन. इतका मोठा आवाज की सून बाहेर आली. "अवो बाई, त्याईनं चष्मा काढला ना. चष्मा काढला म्हनजे नको नसते. तीनदा म्हना लागते. तुमी एकदा म्हनून चहा पिऊन निंगून गेल्या. ते फाटकापर्यंत तुमच्या मागं आले होते, तुमी वळूनच नाई पाह्यलं." मी फोन ठेवला. तेव्हा मला आपलं होस्टेलचं दुसरं वर्ष आठवलं. तू सुट्टीत आमच्या गावी आली होतीस, मी विचारलं जेवतेस का, तू नको म्हणालीस आणि मी ताट उचलून ठेवलं. तू त्या रात्री उपाशी झोपलीस आणि मला ते तीस वर्षांनी, तुझ्या मुलाच्या लग्नात, पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलंस. तेव्हा मी हसले होते. या वेळी नाही हसले. काटा जिथे उभा आहे तिथेच वजन असतं असं मी धरून चालले. या लोकांचा काटा आधी उलटा जातो, हे बहात्तराव्या वर्षी कळलं. तोवर बरेच जण उपाशी झोपले असणार.

तर हकिगत ही अशी. तुझ्या दादांचा अपमान करावा असं माझ्या मनात नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, एवढंच केलं, आणि तो त्यांना सहन झाला नाही. रागावायचं तर रागाव. मला सवय आहे.

तुझ्या यजमानांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि गुडघ्यांना व्यायाम.

तुझी,
कोकिळा

ता. क. मी काही मागायला लिहीत नाही असं वर म्हटलं आहे. ते वाक्य अण्णाजींसारखं पट्टी लावून खोड. ३० तारखेच्या रविवारी मी विशेष सभा बोलावली आहे. तू २८ ला सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर येईन, पायऱ्या फार नाहीत. माहेरी जाऊन दादांना परत यायला सांग. पहिले दोन नकार धरू नकोस. चष्मा काढला तर घाबरू नकोस, पुसू दे. मी सोबत येणार आहे, पण वहिनींची अट आहे की मी तोंड उघडायचं नाही. ती मी मान्य केली आहे, एकदाच.

ता. क. २. ते अध्यक्ष झाले तरी सभा पाचलाच सुरू होईल आणि संडासाची कडी राहील. मनोगताची तीन मिनिटंही राहतील. शोकसभेला मात्र घड्याळ नाही. ते माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे आहेत, तरी माझ्या वेळी बोलायला तेच हवेत. त्यांना आत्ताच सांगून ठेव की माझ्याबद्दल थोडं खोटं बोललं तरी चालेल.

ता. क. ३. सभेत मी उभी राहीन आणि मला मोकळं करा असं म्हणेन. रूपराव लगेच अनुमोदन देतील, ते झोपले असले तरी देतील. त्यांच्या आधी कोणीतरी 'नको बाई, तुम्हीच राहा' असं म्हणायला हवं. लीलाबाई म्हणणार नाहीत, पत्तेवाले तर नाहीच नाही. तू दुसऱ्या रांगेत बस आणि तू म्हण. मोठ्याने म्हण, मागे ऐकू जाईल असं. पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हणू नकोस, नाहीतर मी खरंच राहीन.